घंटुली आणि राजाचे हात

एका राज्यात चुना फार होता. इतका, की विहिरीचे पाणी तापवले की भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसे, आणि बायका तो चिंचेने घासून घासून दमत. पण माणसाला ज्याचा त्रास, त्याचाच अभिमान. घरे पांढरी, कोट पांढरा, हौद पांढरे, देवळांचे कळस पांढरे. झाड लावले की बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढायचा, कुंडी आणली की तिला आतून-बाहेरून चुना द्यायचा. तो झाडाचा मान. पाहुण्याला पाट आणि झाडाला पट्टा, अशी त्या राज्याची रीत होती.

राजाचे नाव धवलकेतू. मनाने लोण्याचा, पण हाताने उतावळा. लहानपणी त्याने आंब्याची कोय पेरली होती आणि कोंब आला का हे पाहायला ती रोज उकरून काढली होती. कोय बिचारी शेवटी कंटाळली. राजा मोठा झाला, राज्यावर बसला, हात मात्र तेच राहिले.

त्याला एक लेक झाली. लेक झाली आणि राणी गेली. रडणाऱ्या पोरीला छातीशी धरून राजा म्हणाला, "हिच्या पाळण्याला अशा घंटा बांधीन, की ही रडणे विसरेल." कोणीतरी सांगितले, तशा घंटा शीतगिरीवर आहेत.

शीतगिरी उत्तरेला शंभर कोस. तिथे मोठी झाडे अर्ध्या वाटेत थांबतात आणि पुढे फक्त वारा जातो. त्या उघड्या उतारावर एक झुडूप वाढे. उंची गुडघ्याएवढी, पाने तिळाएवढी, फुले मोत्याएवढी आणि घंटेसारखी खाली मान घातलेली. वारा आला की सारा उतार वाजे. डोंगरातली माणसे तिला घंटुली म्हणत. कांबळे पांघरलेला एक जोगी तिथे राहून तिची राखण करी. त्याला जादू येत होती, पण तो ती क्वचितच वापरी.

जोगी खालच्या गावी मीठ आणायला गेला आणि राजाच्या चाळीस गाड्या वर आल्या. सारा उतार खणून निघाला. नगरात घंटुलीचा थाट काय विचारता! चुना दिलेल्या पांढऱ्या कुंड्या, टोपलीभर शेणखत, थंडगार विहिरीचे पाणी, वर चुन्याचा पट्टा. जे जे उत्तम, ते ते तिला दिले. राणी गेल्याने बारसे बरेच लांबले होते; तो दिवस उजाडेपर्यंत सगळी घंटुली तपकिरी होऊन वाळली.

बारशाला जोगी आला. पाळण्यापाशी उभा राहिला.

"राजा, माझा उतार मुका केलास."

"जोगीमहाराज, लेकीसाठी केले."

"तर लेकीकडूनच कळेल. ती पायापासून चुनखडी होत जाईल. सोळावे वर्ष पुरे होईल त्या वैशाखी पौर्णिमेला ती सगळी दगड होईल. माझा उतार पुन्हा वाजला, तरच सुटेल."

एवढे बोलून तो निघून गेला. शाप देणाऱ्यांचे हेच चुकते, अपराध एकाचा आणि दगड दुसऱ्याचा. पण रागाला डोळे असते तर त्याला राग कोण म्हणाले असते?

लेकीचे नाव ठेवले कुंदकला. सगळे तिला कुंदा म्हणत. पहिल्या वर्षी तिची नखे दगडाची झाली. पाचव्या वर्षी पावले. पंधरावे लागले तेव्हा चुनखडी गुडघ्यांवर आली होती. तिला खुर्चीत बसवून चौघेजण उचलून नेत. पण पोरगी अशी बोलकी, की खुर्ची उचलणारे तिच्या पाळीसाठी भांडत. "माझे बरे आहे," ती म्हणे, "मला डास अर्धेच चावतात." दरबार हसे. राजा हसत नसे. तो कधी वैद्य आणी, कधी मांत्रिक, कधी सातासमुद्रापलीकडची मुळी. दिवसभर लेकीसाठी धावे आणि धावता धावता लेकीपाशी बसायचे राहून जाई.

आता त्या चाळीस गाड्यांतले एक झुडूप वाटेत पडले होते, ते ऐका.

राजवाड्याच्या परसबागेत धुरपा नावाची माळीण होती. भाजीपाला तिच्याकडे, फुलबाग मोठ्या माळ्यांकडे. गाडीतून एक फुटकी करंडी घरंगळली, ती तिला सापडली. आत घंटुलीचे रोप, मुळांशी डोंगराची काळी माती, भोवती कुजकी सूचिपर्णी पाने. धुरपाने ती करंडी गोठ्याच्या मागे सावलीत ठेवली. उद्या लावू म्हणाली आणि विसरली. चुना नाही, खत नाही, विहिरीचे पाणी नाही. गोठ्याच्या गवती छपरावरून पावसाचे थेंब तेवढे तिच्यावर ठिबकत. विसरली म्हणून घंटुली जगली. पंधरा वर्षांत वीतभर वाढली.

सोळाव्या वर्षाच्या आश्विनात तिला एक फूल आले. सकाळी झुळूक आली आणि घंटा वाजली. टिंग.

वाड्यात कुंदा ओरडली, "आबासाहेब! माझा अंगठा हलला!"

घंटा कुठे वाजली ते शोधत राजा धावत गोठ्यामागे आला. झुडूप पाहिले, धुरपाला पाहिले. त्याचे डोळे भरून आले.

"धुरपाबाई, हे इथे कसे?"

"माझी चूक झाली, महाराज. विसरले."

"अशा चुका माझ्या हातून का होत नाहीत?"

पण हात ते हातच. राजाने मोठ्या माळ्यांना बोलावले. त्यांनी चांगल्या जाड जाड फांद्या कापल्या. धुरपा म्हणाली, "जून लाकूड मूळ धरत नाही." तिचे कोण ऐकतो? फांद्या पांढऱ्या कुंड्यांत गेल्या, खत पडले, पाणी पडले. आठ दिवसांत सगळ्या वाळल्या. झुडूप अर्धे उरले.

नवव्या दिवशी गोठ्याच्या छपरावर एक कावळा येऊन बसला. अंग काळे, चोच लाल, पाय लाल. तो शीतगिरीचा होता आणि माणसासारखा बोलत होता. त्याचे कोणाला नवल वाटले नाही; सगळे काळजीत होते.

"किती दिवस असे मारणार आहात तिला?" कावळ्याने विचारले.

राजाने हात जोडले. "उपाय सांगा."

"उपाय तीन. पहिला, तिच्या माहेरची माती. त्या मातीत एक बुरशी असते, डोळ्यांना दिसत नाही. ती मुळांना भरवते. तिच्याशिवाय हिला घास गिळत नाही. दुसरा, चुना न शिवलेले पाणी."

"आणि तिसरा?"

"तिसरा सगळ्यांत अवघड. तो राजाने स्वतः करायचा."

"सांगा. समुद्र ओलांडीन."

"काही करायचे नाही," कावळा म्हणाला. "मुळे फुटायला शंभर दिवस लागतात. तेवढे दिवस हात लावायचा नाही."

"एवढेच?" राजा म्हणाला.

कावळ्याने नुसती मान वाकडी केली.

पहिल्या कामाला धुरपा निघाली, कारण राजाच्या शिपायाला डोंगर वाट देईना. पायवाट पुढे पुढे सरके आणि त्याला होता तिथेच ठेवी. धुरपाने घरून तांदूळ, सुपारी, खण नि नारळ बांधून घेतला. वीस दिवस चालली. वर पोचली तर उतार नागडा, मधूनमधून खड्डे, आणि वारा मुकाट्याने वाहतो आहे. तिला गलबलून आले. तिने जमिनीवर खण पसरला आणि उताराची ओटी भरली.

मागून जोगी म्हणाला, "हे काय करतेस?"

"लेकी नेल्या आणि आईची ओटी भरायची राहिली. ती भरते. आणि मूठभर माती मागते."

"कोणाजवळ?"

"हिच्याजवळ. ही नको म्हणाली तर तशीच परत जाईन."

जोगी खाली बसला. मग वाळलेल्या एका खुंटाखालची माती त्याने स्वतःच्या हाताने उकरून तिच्या पदरात घातली. "हिने हो म्हटले," तो म्हणाला.

मार्गशीर्षात धुरपा परतली. आता पाणी. पावसाळा सरला होता, हौद चुन्याचे, तळी चुनखडीची. राजाने राज्यभर दवंडी पिटली. घडेच्या घडे पाणी आले आणि प्रत्येक घड्याच्या काठाला पांढरी कड. कुंदा खुर्चीतून पाहत होती. चुनखडी आता तिच्या मांड्यांवर चढली होती.

"धुरपामावशी," ती म्हणाली, "धुके कोणाच्या विहिरीतले असते?"

धुरपाने कपाळावर हात मारला. "पोरी, तू माळ्याच्या घरी जन्मायचीस!"

पण धुके धरायचे कशाने? नगरातला प्रत्येक कपडा विहिरीच्या पाण्यात धुतलेला, झाडला तर चुना उडे. न धुतलेली अशी एकच वस्तू राज्यात होती, धनगरांची घोंगडी. पांढऱ्या नगरात काळी घोंगडी आणायला बंदी होती. आता राजा स्वतः वेशीवर गेला आणि धनगरांपुढे हात जोडून उभा राहिला. म्हातारा धनगर म्हणाला, "लेकीसाठी मागताय नव्हं? न्या की. फकस्त धुऊ नका."

राजवाड्याच्या पांढऱ्याशुभ्र सज्ज्यांवर तीनशे काळ्या घोंगड्या टांगल्या. पहाटे डोंगरावरून एक ढग चालला होता. त्याला वाटले, आपलीच भावंडे कोणीतरी वाळत घातली आहेत. तो खाली उतरला आणि घोंगड्यांच्या गळ्यात पडून रडला. सकाळी घोंगड्या पिळल्या, तर बारा लाकडी काथवटी भरल्या. पाण्याला लोकरीचा वास येत होता, चुन्याचा कण नव्हता.

पौषाच्या पहिल्या दिवशी धुरपाने रोपे करायला घेतली. आधी झुडपाला नमस्कार केला. मग या पावसाळ्यात फुटलेले कोवळे शेंडे तेवढे खुडले, करंगळीच्या दोन पेरांएवढे. खालची पाने अलगद काढली. काळ्या दगडाच्या ओढ्यातली वाळू, कुजकी पाने आणि माहेरची माती लाकडी खोक्यात कालवली. एकवीस शेंडे खोचले, ढगाचे पाणी शिंपडले आणि वर काचेच्या हंड्या पालथ्या घातल्या. आत दव धरले.

"झाले," धुरपा म्हणाली. "आता नवीन पान दिसेल तेव्हा खाली मूळ आहे असे समजायचे. तोवर कोणी हात लावायचा नाही."

राजाने मान डोलावली. मनापासून डोलावली, यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना तो गोठ्यामागे गेला. इकडेतिकडे पाहिले. हंडी उचलली, तीन शेंडे हळूच उपटले, मूळ फुटले का पाहिले, आणि पुन्हा जसेच्या तसे खोचले. तिसऱ्या दिवशी आणखी तीन. त्याने पहारेकरी ठेवला होता, पण राजाला अडवील तो पहारेकरी कसला? सातव्या दिवशी धुरपा आली तेव्हा अठरा शेंड्यांनी माना टाकल्या होत्या. तीन उभे होते.

तिला राग आला तो आलाच. "महाराज! कोणी केले हे?"

राजाची मान खाली गेली. "मी नुसते पाहिले, धुरपाबाई. लगेच परत लावले."

"नवे मूळ केसाहून बारीक असते. पाहायला उपटलेत, तिथेच तुटले. आता झुडपावर कोवळा शेंडा नाही. पुढच्या पावसाळ्याशिवाय येणार नाही, आणि पौर्णिमा वैशाखात आहे."

राजाने मान टाकलेला एक शेंडा उचलून तळहातावर ठेवला. सगळ्या राज्यात आपल्या लेकीवर आपल्याएवढे प्रेम कोणाचे नाही, हे त्याला ठाऊक होते. आणि तिला मारतो आहोत ते आपणच, हे आज कळले. तो कुंदाजवळ गेला. चुनखडी तिच्या कमरेशी आली होती.

"पोरी, माझे हात बांधायला सांग. नाहीतर तोडायला सांग."

"ते कशाला?" कुंदा म्हणाली. "इकडे द्या माझ्याजवळ."

तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "आता बसा. पंधरा वर्षांत तुम्ही माझ्याजवळ घटकाभर बसला नाहीत. मला सांगायचे पुष्कळ आहे."

रोज सूर्य उगवताना राजा यायचा आणि लेकीच्या हातांत हात देऊन बसायचा. दिवस कलला की सोडायची वेळ यायची आणि कोणालाच सोडावेसे वाटायचे नाही. तिला खुर्ची उचलणाऱ्या चौघांच्या मुलांची नावे पाठ होती. कोणत्या चिमणीने कोणत्या कमानीत घरटे केले, ते ठाऊक होते. आई कशी होती, हे तिने पहिल्यांदा विचारले. राजाने पहिल्यांदा सांगितले. सांगताना तो रडला, मग दोघे हसले, कारण राणीला पोहता येत नसताना तिने हौदात उडी मारून राजाची पगडी काढली होती. गोठ्यामागे काय चालले आहे, असे राजाच्या बोटांना दर घटकेला वाटे. बोटे वळवळत. कुंदा ती घट्ट दाबून धरी.

सत्तराव्या दिवशी तिची बोटे गार लागली. चुनखडी छातीवरून न जाता आधी हातांकडे वळली होती. खिडकीत लाल चोचीचा कावळा येऊन बसला.

"राजा, हिचे हात दगड होत आहेत. आत्ता काढलेस तर सुटशील. नाही काढलेस तर हिच्याबरोबर अडकशील. ती सुटली तरच तू सुटशील."

"शेंडे कसे आहेत?"

"सांगणार नाही."

कुंदा म्हणाली, "आबासाहेब, जा तुम्ही. मला काही वाटणार नाही."

तिला वाटणार होते. ती फार घाबरली होती आणि ते तिच्या हनुवटीला दिसत होते.

"मला वाटेल," राजा म्हणाला, आणि नीट सावरून बसला. उन्हे कलेपर्यंत तिच्या हातांचा दगड झाला आणि त्यात राजाचे हात राहिले. प्रधान तिथेच येऊन कारभार विचारू लागला. दासी दोघांना घास भरवू लागली. राज्याचे काही बिघडले नाही. उलट, राजा जागेवर सापडू लागल्यामुळे लोकांची कामे लवकर होऊ लागली.

चैत्रात, शंभराव्या दिवशी, तीन शेंड्यांच्या टोकांना मोहरीएवढी पोपटी पाने फुटली. धुरपाने कोणाला बोलावले नाही. कोणी येण्यासारखेही नव्हते. एक रोप तिने गोठ्यामागे आई-झुडपाजवळ ठेवले. दोन रोपे मातीसकट करंडीत घेतली, ढगाचे पाणी भोपळ्यात भरून खांद्याला लावले आणि निघाली.

वाटेत वळीव लागला, दरड कोसळली, तिला चौदा दिवस थांबावे लागले. शीतगिरीवर ती पोचली ती पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. बर्फ वितळत होते. मोठ्या शिळेच्या आडोशाला तिने दोन्ही रोपे लावली. एकाच्या टोकाला एक कळी होती. पौर्णिमेला सकाळी ती उमलली.

आणि वारा पडला. गवताची काडी हलेना. धुरपा उन्हात उभी राहून आभाळाकडे पाहत होती. "वाहा रे बाबा," ती म्हणाली, "आजच्या दिवस वाहा." वारा वाहिला नाही. दुपार झाली. दुपार कलू लागली. धुरपाला फूल हलवायचा मोह झाला. पण हात लावायचा नाही, हे तिनेच सगळ्यांना सांगितले होते.

तिकडे वाड्यात चुनखडी कुंदाच्या गळ्याशी आली. "आबासाहेब," ती हळू म्हणाली, "पगडीची गोष्ट पुन्हा सांगा." राजा सांगू लागला. आवाज कापत होता, पण त्याने गोष्ट सोडली नाही.

डोंगरावर जोगी गुहेतून बाहेर आला. रोपांपुढे त्याने गुडघे टेकले.

"बाई, शाप देऊन मी सोळा वर्षे जेवलो, पण जेवण गोड लागले नाही. माझीही चूकच."

असे म्हणून त्याने खाली वाकून फुलावर अलगद फुंकर घातली.

टिंग.

एकच घंटा, पण शंभर कोसांवर ऐकू आली. वाड्यात कुंदाच्या गळ्यावरची चुनखडी तडकली. जुन्या भिंतीचे पोपडे गळावेत तशी ती गळू लागली. खांद्यांवरून, हातांवरून, मांड्यांवरून, पावलांवरून. खुर्चीभोवती पांढरा ढीग पडला. मधे कुंदा बसली होती, लाल लाल तळव्यांची.

राजाने हात अजून सोडले नव्हते.

"आबासाहेब, सोडा आता. मला उभे राहायचे आहे."

त्याने सोडले. ती उठली. पाचव्या वर्षापासून न चाललेली पोर. पहिल्याच पावलाला झोक गेला आणि ती गुडघ्यांवर पडली. राजाचे दोन्ही हात पुढे धावले. धावले आणि अर्ध्यावर थांबले. त्याने ते पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. सारा दरबार श्वास रोखून पाहत होता. कुंदाने जमिनीला हात टेकला, पुन्हा उठली, आणि एक, दोन, तीन पावले टाकून बापाजवळ येऊन उभी राहिली.

पुढे उतारावर घंटुली आपली आपण पसरली. तिची फांदी जमिनीला टेकते, टेकली तिथे मूळ धरते, आणि मूळ धरले की नवे झुडूप होते. कुंदा दर चैत्रात धुरपामावशीबरोबर तिथे जाते. राजाही जातो, शिळेवर हात मागे घेऊन बसतो, आणि जोगी त्याला मीठ घातलेला चहा देतो. पांढऱ्या नगरात धनगरांना आता वेशीवर कोणी अडवत नाही. चुन्याचा पट्टा आहे, पण आधी झाडाला काय हवे ते विचारतात.

आणि त्या राज्यात एक नवी रीत पडली, ती अजून चालू आहे. घरात कोणी फांदी खोचली, की दुसरे माणूस येऊन त्याचे हात धरते, आणि मूळ धरेपर्यंत दोघे बोलत बसतात. घंटुलीला तिचा उतार मिळाला, कुंदाला पाय मिळाले, राजाला लेक मिळाली. तुमच्याही अंगणात जे खोचाल ते रुजो, आणि ते रुजेपर्यंत तुमचे हात धरायला कोणी असो.